ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड: चिंताविकार ओळखायचा कसा आणि मदत घ्यायची कुठे

छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला. टूडी इको झाला, तोही ठीक. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." आठवड्याभरात पुन्हा तोच त्रास. मग दुसरा दवाखाना, नवा ईसीजी, आणि 'अशक्तपणा आहे' म्हणून सलाइनची एक बाटली. चिंताविकाराच्या अनेक रुग्णांचे सुरुवातीचे कित्येक महिने या फेऱ्यांत जातात. सलाइन म्हणजे मीठ किंवा साखरेचं पाणी. त्याने उलट्या-जुलाबाचा रुग्ण सावरतो, भीती उतरत नाही. दोन तास शांत पडून राहिल्याने जे बरं वाटतं, त्याचं श्रेय बाटलीला मिळतं, एवढंच.

फसगत होण्याचं कारण सरळ आहे. "मला चिंता वाटते" असं म्हणत दवाखान्याची पायरी फार थोडे लोक चढतात. जीव घाबरा होतो, हातापायांना मुंग्या येतात, डोक्यात गॅस चढतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, बीपी लो झालं असावं, अशा तक्रारी असतात. आणि त्या खऱ्या असतात. धोका दिसला की शरीर ॲड्रेनलिन सोडतं: हृदय जोरात धावतं, स्नायू ताठरतात, पचन मंदावतं, तळव्यांना घाम सुटतो. श्वास जलद आणि वरवरचा झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यातून चक्कर, ओठांभोवती मुंग्या, कधी बोटं आखडणं. चिंताविकारात ही यंत्रणा समोर धोका नसतानाही चालू होते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आणि त्रास खरा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत.

काळजी कुठे संपते आणि विकार कुठे सुरू होतो

मुलीची बारावी, कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस यांची काळजी वाटणं हा आजार नव्हे. डॉक्टर तीन गोष्टी पाहतात. भीती प्रसंगाच्या मानाने किती मोठी आहे, ती किती काळ टिकून आहे, आणि तिच्यामुळे रोजचं आयुष्य किती अडलं आहे. आमच्या मते घरच्या घरी ओळखायला तिसरी गोष्ट सगळ्यात भरवशाची. एक कागद घ्या आणि लिहा: गेल्या सहा महिन्यांत भीतीपोटी मी काय काय करणं सोडलं? लोकलऐवजी रिक्षा, लग्नसमारंभ टाळणं, कार्यालयात मीटिंगला न बोलणं, एकट्याने बँकेत न जाणं, रात्री नवरा घरी नसेल तर माहेरी राहायला जाणं. यादी तीन-चार ओळींच्या पुढे गेली आणि दर महिन्याला वाढत असेल, तर भीती कितीही 'समजण्यासारखी' वाटली तरी दाखवून घ्यावं.

प्रकारांची ढोबळ ओळख असली की डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं.

सार्वत्रिक चिंताविकारात काळजीला एक विषय नसतो. पैसा, तब्येत, मुलं, वेळेवर पोहोचणं, सगळ्याचीच काळजी, बहुतेक दिवशी, निदान सहा महिने, आणि थांबवू म्हटली तरी न थांबणारी. सोबत अस्वस्थपणा, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, मान-खांदे आखडणं, झोप बिघडणं यांपैकी मोठ्या माणसांत किमान तीन. घरचे याला 'स्वभाव' म्हणतात आणि म्हणूनच हा प्रकार अनेकदा उशिरा उपचाराला येतो.

पॅनिक डिसॉर्डरमध्ये भीतीचा झटका अचानक येतो, काही मिनिटांत शिखराला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. आता आपण मरणार किंवा वेडे होणार, अशी खात्रीच वाटते. एखादा झटका अनेकांना आयुष्यात येऊन जातो, तो आजार नाही. अनपेक्षित झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि त्यानंतर महिनाभर किंवा अधिक 'पुन्हा आला तर?' ही धास्ती राहिली किंवा वागणं बदललं, की तो विकार ठरतो. जिथून पटकन बाहेर पडता येणार नाही अशा जागा, म्हणजे गर्दीची लोकल, घाटातली एसटी, सिनेमागृह, माणूस टाळू लागला तर त्याला ॲगोराफोबिया म्हणतात. तो पॅनिकच्या मागोमाग येऊ शकतो.

सामाजिक चिंताविकारात भीती असते ती लोकांच्या नजरेची: चारचौघांत जेवताना हात कापेल, सही करताना अक्षर बिघडेल, हजेरीला आवाज फुटणार नाही. विशिष्ट फोबिया, म्हणजे अवाजवी भीती, एकाच गोष्टीचा असतो. त्यात रक्त आणि इंजेक्शनचा फोबिया वेगळा, कारण त्यात बीपी आणि नाडी आधी वाढून मग एकदम उतरते आणि माणूस खरोखर बेशुद्ध पडतो. अशा वेळी 'सैल सोड' हा सल्ला उलटा पडतो. हात, मांड्या आणि पोट १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, २०-३० सेकंद सोडायचे, असं पाच वेळा, सुई टोचण्याआधीपासून.

लहान मुलं भीती सांगत नाहीत, पोट दुखतं म्हणतात. सोमवारी सकाळी दुखणारं आणि रविवारी गायब होणारं पोट असेल, तर शाळेत काय चाललंय ते आधी विचारा.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, आणि आघातानंतरचा पीटीएसडी हे २०१३ पासून अमेरिकन वर्गीकरणात चिंताविकारांपासून वेगळे धरले जातात. मदतीची दारं मात्र तीच.

घरी करायची सात प्रश्नांची चाचणी

जीएडी-७ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत पुढचे त्रास किती दिवस झाले ते पाहायचं: घाबरल्यासारखं किंवा तणावात असणं, काळजी थांबवता न येणं, निरनिराळ्या गोष्टींची अति काळजी, निवांत होता न येणं, एका जागी बसवत नाही इतकी अस्वस्थता, लगेच चिडणं, काहीतरी भयंकर घडणार अशी भीती. अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २१ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा अधिक आले तर तज्ज्ञाची वेळ घ्या.

एक सावधगिरी. ही चाचणी निदान करत नाही. फक्त लिफ्टचा फोबिया असलेल्या माणसाचे तीनच गुण येतील आणि तरी तो रोज नऊ मजले चढत असेल. आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात १२ आले तर परीक्षा संपल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा भरून पाहा.

शरीराची बाजू आधी, पण एकदाच

थायरॉइड वाढला असेल, हिमोग्लोबिन घसरलं असेल, साखर उतरत असेल किंवा हृदयाची लय बिघडली असेल तरी हीच लक्षणं दिसतात. म्हणून टीएसएच (थायरॉइडची चाचणी), सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची), रक्तातली साखर आणि ईसीजी एवढं फॅमिली डॉक्टरांकडून करून घ्यावं. पुढचं त्यांनी कारण सांगून सुचवलं तरच. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर दर महिन्याला नवी तपासणी करणं हा आजाराचाच भाग बनतो: नॉर्मल रिपोर्टने दोन दिवस बरं वाटतं आणि मग आणखी मोठ्या तपासणीची भूक लागते.

औषधांची आणि सवयींची यादीही डॉक्टरांसमोर ठेवा. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, स्टेरॉइड, सर्दीच्या काही गोळ्या, थायरॉक्सिनचा जास्त झालेला डोस, सगळ्यांनी धडधड होऊ शकते. दिवसाला सात-आठ कप चहा, तंबाखू, मिश्री यांचंही तेच. मिश्रीत निकोटीन असतं हे अनेक बायकांना कुणी सांगितलेलंच नसतं. संध्याकाळचा पेग तीन-चार तास भीती दाबतो आणि पहाटे दुप्पट करून परत करतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. थरकाप, भ्रम, फिट असं काहीही होऊ शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

झटका आला तर

पहिल्यांदाच छातीत दुखत असेल, तर तो पॅनिक आहे असं घरी ठरवू नका. वय चाळिशीपुढे, मधुमेह, बीपी, धूम्रपान, घरात हृदयविकार, यांपैकी काही असेल, छातीवर दाब येऊन कळ हात-जबडा-पाठीकडे जात असेल, चालल्यावर वाढत असेल, दरदरून घाम असेल, तर १०८ ला फोन आणि रुग्णालय. बायकांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका केवळ धाप, मळमळ किंवा थकवा होऊनही येतो.

हृदय तपासून झालं आहे आणि झटका ओळखीचा आहे, तर असं करा. जिथे आहात तिथेच टेकून बसा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत हळू सोडा. श्वास खोल भरायचा नाही, सोडणं लांबवायचं आहे. 'मोठा श्वास घे' म्हणणारा शेजारी चांगल्या मनाने त्रास वाढवतो, कारण आधीच जास्त हवा घेतली जात असते. तोंडाला कागदी पिशवी लावू नका, दमा किंवा हृदयविकार असेल तर ते धोक्याचं आहे. 'हा पॅनिक आहे, वर जाईल आणि उतरेल' असं स्वतःशी म्हणत घड्याळ पाहा. तिथून पळालात तर झटका लवकर शमल्यासारखा वाटतो, पण ती जागाच धोकादायक होती अशी नोंद मेंदूत पक्की होते आणि पुढच्या वेळी झटका तिथेच गाठतो.

खिशात सॉर्बिट्रेटची गोळी ठेवण्याची सवय असेल तर डॉक्टरांना विचारून सोडा. ती हृदयाच्या रुग्णासाठी आहे. तिने बीपी उतरतं, डोकं ठणकतं, धडधड वाढते, म्हणजे झटक्याची नक्कलच तयार होते.

कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतो. त्याची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात काही गैर नाही. समुपदेशक हा शब्द मात्र कुणीही पाटीवर लावू शकतो, म्हणून शिक्षण विचारा. महिनाभराचा ऑनलाइन कोर्स पुरेसा नाही. त्रास तीव्र असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. सौम्य ते मध्यम असेल तर थेट थेरपीपासून सुरुवात चालते.

काहीच सुचत नसेल तर १४४१६ फिरवा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतात. पहिलं वाक्य जमत नसेल तर लिहून ठेवा: "मला दोन महिन्यांपासून भीतीचे झटके येतात, मी एकट्याने बाहेर जाणं बंद केलंय, माझ्या जिल्ह्यात कुठे दाखवू?"

सरकारी वाटेने जायचं तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी विचारा. केसपेपर काढताना 'मानसोपचार' म्हणून सांगा, नाहीतर जनरल मेडिसिनच्या रांगेत अर्धा दिवस जातो. मुंबईत केईएम, नायर, सायन, पुण्यात ससून यांसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था. तिथल्या ओपीडीत गेलं म्हणजे दाखल करून घेतात, ही समजूत चुकीची आहे. चिंताविकारावर बहुतेक वेळा घरी राहूनच उपचार होतात.

देवरुषाकडे जाऊन आलेल्यांनी ते डॉक्टरांपासून लपवू नये. काढा किंवा कुठली पूड पोटात गेली असेल तर ते कळणं गरजेचं असतं. देवदर्शनाला कुणाचीच ना नाही, गोळी बंद करून नको इतकंच.

पहिल्या भेटीला एक पान लिहून न्या: त्रास कधीपासून, झटका किती मिनिटांचा, आठवड्यात किती वेळा, कशाने वाढतो, काय सोडून दिलं, झोप किती तास, कोणती औषधं चालू, घरात कुणाला असा त्रास, दारू-तंबाखू किती. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. बरोबर आलेल्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसायला सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. सुनेसोबत सासू आत बसली तर खरी गोष्ट टेबलावर येत नाही. निघताना विचारा: निदान काय, गोळी कशासाठी, किती महिने, थेरपी कुठे मिळेल, पुन्हा कधी यायचं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पातळीवर धरावं असंही त्यात आहे. पण बऱ्याच पॉलिसींत ओपीडीचा खर्चच धरलेला नसतो, तेव्हा पॉलिसी वाचून घ्या.

मरणाचे विचार येत असतील, त्याची तयारी मनात चालू असेल, तर तारखेची वाट पाहायची नाही. माणसाला एकटं ठेवू नका, औषधं-कीटकनाशकं घरातून हलवा, १४४१६ किंवा ११२ लावा, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

उपचारात नेमकं काय होतं

संशोधनाचा सर्वाधिक आधार असलेली थेरपी म्हणजे सीबीटी, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी. आठवड्याला एक बैठक, पाऊण ते एक तास, साधारण ८ ते १५ बैठका. नुसत्या गप्पा होत असतील आणि घरचा अभ्यास मिळत नसेल तर विचारणा करा, कारण खरं काम दोन बैठकांच्या मध्ये होतं. त्याचा गाभा टाळलेल्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाणं. डोंबिवलीहून दादरला जाणाऱ्या आणि लोकल सोडून दिलेल्या माणसाची शिडी अशी असू शकते: दुपारी गर्दी नसताना अर्धा तास फलाटावर बसणं, सोबत घेऊन डोंबिवली-कोपर, तेच एकट्याने, स्लो लोकलने ठाण्यापर्यंत, फास्टने ठाणे, शेवटी सकाळच्या गर्दीत दादर. प्रत्येक पायरीला भीतीचे शंभरपैकी गुण द्यायचे आणि सुरुवात तीस-चाळीसच्या पायरीपासून करायची. एका स्टेशनचा प्रवास भीती उतरायला फार छोटा पडतो, म्हणून चाळीसेक मिनिटं जा-ये करायची. आठवड्यातून चार-पाच वेळा. भीती निम्म्यावर यायला लागली की पुढची पायरी.

हे फसतं ते दोन कारणांनी. पहिलं, मोठी उडी: भाऊ हात धरून थेट सकाळच्या फास्टमध्ये ढकलतो. दुसरं जास्त फसवं, आधाराच्या कुबड्या: हातात पाण्याची बाटली, कानाला फोन, दाराशी उभं राहणं. प्रवास होतो, पण 'बाटली होती म्हणून वाचलो' हाच धडा उरतो. कुबड्याही शिडीप्रमाणे एकेक काढाव्या लागतात.

औषधांत पहिली निवड बहुधा एसएसआरआय, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या, गटाची: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे. एस्सिटालोप्राम अनेकदा ५ मिलीग्रॅमपासून, सर्ट्रालिन २५ पासून सुरू करून डॉक्टर वाढवतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी आणि गंमत म्हणजे थोडी जास्तच अस्वस्थता येऊ शकते. याच टप्प्यावर अनेक जण 'सोसली नाही' म्हणून गोळी टाकतात. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता परिणाम कळायला सहा ते आठ. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर सुरुवातीचे आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं, मरणाचे विचार वाढले तर लगेच कळवावं. लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतन लांबणं हा परिणाम सर्रास दिसतो, सांगितला तर त्यावर उपाय असतो. सोबत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या सतत घेऊ नका, पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. गरोदर राहिल्याचं कळलं तर गोळी आपणहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या 'पॉइंट पंचवीसच्या' गोळ्या अर्ध्या तासात शांत करतात आणि म्हणूनच अडकवतात. त्यांचं काम दोन ते चार आठवड्यांचं, मुख्य औषध लागू पडेपर्यंतचं. अल्प्राझोलाम सरकारी औषध नियमांच्या परिशिष्ट एच-१ मध्ये आहे: चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि केमिस्टला वेगळ्या रजिस्टरात नोंद ठेवावी लागते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. वयस्कर माणसं ती घेऊन रात्री पडतात, खुबा मोडतो. एक गोष्ट आवर्जून पाहा: आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात. अशी गोळी वर्षभर चालली तर क्लोनाझेपामही नकळत वर्षभर पोटात जातं. पट्टीच्या मागचं नाव वाचा आणि दोन्ही औषधं वेगळी लिहून मागा.

घरच्यांसाठी

'मनाला लावून घेऊ नकोस', 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' याने माणूस सांगायचा थांबतो. उलट टोकाचीही चूक होते: त्याची भीती शमावी म्हणून दर तासाला फोन करून 'मी बरा आहे' सांगणं, त्याच्या वाटची सगळी बाहेरची कामं करणं. प्रेमापोटी केलेली ही कामं टाळाटाळीला खतपाणी घालतात. थेरपिस्टशी बोलून ठरवा, कोणतं काम कधी परत त्याच्याकडे द्यायचं. आठवड्यातून एक काम ही गती ठीक असते.

गोळी बंद करताना

बरं वाटल्यावरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. मग ते टप्प्याटप्प्याने, कित्येक आठवडे घेऊन उतरवतात. एसएसआरआय एकदम सोडलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. रोजची क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम एकाएकी थांबवली तर फिट येऊ शकते, ती महिनोन्महिने चालू असेल तर उतरवायलाही महिने लागतात. सोडल्यावर काही दिवसांतच आलेली चक्कर बहुधा औषध उतरल्याची असते. महिना-दोन महिन्यांनी हळूहळू परतलेली धास्ती आणि पुन्हा वाढू लागलेली टाळण्याची यादी हे मात्र आजार उलटल्याचं लक्षण, तेव्हा डॉक्टरांना लगेच दाखवा. डोस उतरवायला बदली, बाळंतपण, परीक्षा किंवा घरातलं लग्न असा काळ निवडू नका. शेवटच्या टप्प्यासाठी गोळीचे तुकडे करायचे असतील तर आधी विचारा, एसआर किंवा ईआर लिहिलेल्या, म्हणजे औषध हळूहळू सोडणाऱ्या, गोळ्या तोडायच्या नसतात.